सात मिलिमीटर

पाषाणच्या कचेरीत माझं काम एवढंच –
इथून हजारो मैलांवर, समुद्राच्या तळाखाली
दोन भ्रंश शेजारी शेजारी पडलेत,
त्यांची हालहवाल ठेवायची.
जवळच्या बेटावर खांब रोवलेत, खांबांवर जीपीएसच्या थाळ्या.
थाळ्या रोज आपापली जागा कळवतात,
मी चहाबरोबर वाचते.

वर्षानुवर्षं खांब पश्चिमेला रेटले जातात,
नखं वाढतात त्या वेगाने.
मग एखाद्या महिन्यात, कुणी काही म्हटलेलं नसताना,
उलटे फिरतात.
सात मिलिमीटर. नऊ. कधी तेरा.
भूकंपमापकावर रेघ सरळ.
अख्ख्या तालुक्याएवढा खडक सरकलेला असतो
आणि कपातला चहा हिंदकळत नाही.

आई सांगायची कोयनेच्या पहाटेचं:
नारायण पेठेत फडताळातल्या बरण्या
एकमेकींवर वाजल्या, लिंबाच्या लोणच्याची फुटली.
तिच्या लेखी भूकंप म्हणजे आवाज.
मला पगार मिळतो तो ऐकू न येणाऱ्याचा.

आमच्या मजल्यावर तीन दारं. मधलं आमचं.
डावीकडे पानवलकर.
मृणालला निघून जायला अकरा आठवडे लागले.
आधी पेटी गेली, दुरुस्तीला म्हणून.
मग शिवणयंत्र, मग थंडीचे कपडे, ऐन वैशाखात.
शेवटी कुंडीतला गवती चहा, तोही अर्धा;
अर्धा जयवंतला ठेवला.
भिंत आमची एकच. तिच्यातून कधी
चढा शब्द आला नाही.
सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले,
"अहो, काही कळलंच नाही."
मी मनात म्हटलं, तेरा.

एक भ्रंश सरकला की त्याचा ताण मरत नाही,
शेजारच्याच्या अंगावर जातो.
तोही सगळीकडे सारखा नाही:
कुठे ओझं वाढतं, कुठे सावली पडते,
सावलीतला भाग उलट निवांत होतो.
कुठे काय, ते तिरपेपणावर, खोलीवर,
आणि आधी किती भरलं होतं त्यावर.
हे मी फळ्यावर मांडून दाखवीन.
आमच्या घराचं मांडता येत नाही.

होबार्टचं पत्र नऊ वर्षं
माझ्या कपाटात, विम्याच्या फायलीखाली आहे.
विद्याधरने जा म्हटलं नाही,
नको जाऊस असंही नाही.
मी राहिले.
दोन खडबडीत कडा, एकमेकींत रुतलेल्या;
त्यावर आम्ही गणपती बसवले, गाडीचे हप्ते फेडले,
सासूबाईंचं शेवटपर्यंत सगळं केलं.

परवा रात्री पलीकडे जयवंत
एकट्यापुरता कुकर लावत होता,
शिट्टी आमच्याकडे स्वच्छ येते.
पोळीचा तुकडा हातात धरून विद्याधर म्हणाला,
"तेव्हा तू गेली असतीस तर
मी आलो असतो बहुतेक. मागून."
शिट्टी थांबली.
"आमटी वाढ."

वाढली.
थेंब सांडला नाही.
भिंतीवरचं कालनिर्णय सरळच होतं.

झोप येईना म्हणून गच्चीवर गेले.
समोर वेताळ टेकडी, काळा दगड,
साडेसहा कोटी वर्षं मुक्काम पोस्ट तिथेच.
हे सुटणं होतं की भरणं?
आकड्यांवरून दोन्ही सारखंच दिसतं.
सरकणारा भाग सरकून मोकळा होतो
आणि न सरकणाऱ्याच्या कडेला सगळं जाऊन बसतं.
यावर आमच्या शास्त्रात अजून भांडणं आहेत,
परिषदांतून, जेवणाच्या रांगेतसुद्धा.

सकाळी उजवीकडच्या दारातून
यमुताई हर्डीकर आल्या, विरजण मागायला.
सोळा वर्षांत त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं.
वाटी देताना मी त्यांच्याकडे नीट बघितलं.
"बसता का थोडं?"
उंबऱ्याशी उभ्या राहिल्या बराच वेळ,
वाटीवर हात झाकून.
मग एक पाऊल आत.